ठिपकी मुंगी आणि दारावरचा धोंडा

एक होती मुंगी. तिचं नाव ठिपकी. नावासारखीच होती, एवढीश्शी!

ठिपकीचं घर डोंगराच्या उतारावर, शेताच्या बांधाशी. एकदा सकाळी खूप पाऊस पडला. मग लख्ख ऊन पडलं. मुंग्यांनी काय केलं? घरातली नाचणी बाहेर काढली आणि उन्हात वाळत घातली. हो तर! मुंग्यासुद्धा वाळवण घालतात, बरं का! शंभर मुंग्या, शंभर दाणे. ठिपकीची धाकटी बहीण कणी, तीही आपला दाणा घेऊन बाहेर आली.

एवढ्यात काय झालं? गड गड गड गड... धप्प!

वरून एक धोंडा घसरला आणि थेट घराच्या दारावर बसला. दार बंद!

कणीनं भोकाड पसरलं. "ताई, मला घरी जायचंय!"

"रडू नको गं," ठिपकी म्हणाली. "मी आत्ता सांगते त्याला."

ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. धोंड्यापाशी आली.

"धोंडोबा, धोंडोबा, जरा हला. दार उघडेना, आम्ही घरी जायचं कसं?"

धोंडा म्हणाला, "मला काय पाय आहेत? बैल ओढील, तर मी हलेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी बैलाकडे गेली.

"बैलदादा, बैलदादा, धोंडा ओढ. धोंडा हलेना, दार उघडेना, आम्ही घरी जायचं कसं?"

बैल म्हणाला, "हम्मा! ओढीन की. पण केरबाकाका दोर बांधतील, तर मी ओढीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी केरबाकाकांकडे गेली. शेत त्यांचंच. पण काका तर भर दुपारी बाजेवर आडवे!

"काका, काका, दोर बांधा. बैल ओढेना, धोंडा हलेना, दार उघडेना, आम्ही घरी जायचं कसं?"

काका म्हणाले, "काय सांगू बाई, अंगात जोरच न्हाई. गावात पावाची गाडी येते. सकाळी पाव, दुपारी पाव, सांजेला पाव! खाल्ला की पुन्हा भूक. काकू नाचणीची भाकरी थापील, तर मी दोर बांधीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी हौसाकाकूंकडे गेली.

"काकू, काकू, भाकरी थापा. काका दोर बांधेनात, बैल ओढेना, धोंडा हलेना, दार उघडेना, आम्ही घरी जायचं कसं?"

काकू म्हणाल्या, "अगं माझे बाई, पीठ कुठाय? जातं दळील, तर मी थापीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी जात्याकडे गेली. जातं बसलं होतं कोपऱ्यात, अंगावर कोळ्याचं जाळं.

"जात्या, जात्या, पीठ दळ. काकू भाकरी थापेनात, काका दोर बांधेनात, बैल ओढेना, धोंडा हलेना, दार उघडेना, आम्ही घरी जायचं कसं?"

जातं म्हणालं, "माझ्या तोंडात कितीतरी दिवसांत दाणा पडला नाही! शेत दाणे देईल, तर मी दळीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. ठिपकी शेताकडे गेली. केवढं मोठं शेत! आणि सगळं उघडंबोडकं.

"शेता, शेता, दाणे दे. जातं दळेना, काकू भाकरी थापेनात, काका दोर बांधेनात, बैल ओढेना, धोंडा हलेना, दार उघडेना, आम्ही घरी जायचं कसं?"

शेत हळूच म्हणालं, "ठिपके, यंदा मला कुणी पेरलंच नाही गं. पाव आला आणि सगळे मला विसरले. पाऊस आला की माझी माती वाहून जाते. धरायला मुळंच नाहीत. म्हणून तर तो धोंडा घसरला. तू बी देशील, तर मी दाणे देईन."

बी? ठिपकीनं वाळवणाकडे पाहिलं. बी तर होतं. शंभर मुंग्यांचे शंभर दाणे! पण तेवढंच तर खाणं होतं. ते दिलं, तर खायचं काय?

ठिपकीला फार वाईट वाटलं. पण ती कणीला म्हणाली, "कणे, आपला दाणा शेताला देऊया?"

कणीनं दाणा घट्ट धरला. मग शेताकडे पाहिलं. मग दाण्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "दे."

मग काय! एक मुंगी, एक दाणा. दुसरी मुंगी, दुसरा दाणा. शंभर मुंग्यांची रांग लागली. तुरु तुरु, तुरु तुरु! शेतानं शंभर दाणे पोटात घेतले.

मुंग्या पानाखाली राहिल्या. पडेल ते वेचून खाल्लं. एक दिवस गेला. काही नाही. दोन दिवस गेले. काही नाही. कणी रोज विचारायची, "आलं का गं?"

आणि एक दिवस मातीतून हळूच वर आलं... काय? हिरवं टोक! सुईएवढं! कणी बघतच राहिली.

टोकाचं पान झालं. पानाचं उभं ताट झालं, नाचणीचा दांडाच! ताट वर, वर, वर! मुळं खाली, खाली, खाली! पाऊस आला धो धो, पण मुळांनी माती घट्ट धरली. एक खडा घसरला नाही!

मग आली कणसं. मिटलेल्या मुठीसारखी. ठिपकी वर चढली आणि दाणे मोजायला लागली. एक, दोन, तीन... दहा... वीस... अगं बाई! मोजता मोजता ठिपकी चुकली. पुन्हा मोजले, पुन्हा चुकली! आणि हे तर एकच कणीस! वर पाहिलं तर कणसंच कणसं, पार आभाळापर्यंत.

"ताई," कणी हळू आवाजात म्हणाली, "हे सगळं आपल्या दाण्यांतून?"

"हो."

"सगळं?"

"सगळं गं, सगळं!"

मग शेतानं दाणे दिले, सळ सळ सळ! जात्यानं दळलं, घर्र घर्र घर्र! काकूंनी भाकरी थापली, थप थप थप! गरम गरम भाकरी, वर घेवड्याची उसळ. काकांनी ती खाल्ली, मटा मटा मटा! काका ताडकन उठले. काकांनी दोर बांधला. बैलानं नाचणीचं काड खाल्लं आणि जोर लावला, हम्मा! धोंडा हलला. गड गड गड गड! दार उघडलं!

"घर! घर! आपलं घर!" कणी नाचायला लागली.

काकांनी तो धोंडा बांधावर नीट रचून ठेवला. मग ते मुंग्यांपाशी उकिडवे बसले. शेताकडे पाहिलं. एवढ्याशा ठिपकीकडे पाहिलं. त्यांचा आ वासलेलाच राहिला.

"अगं, तू केवढी! अन् हे शेत केवढं!" काका म्हणाले. त्यांनी हात जोडले. "ठिपके, खळ्यावरची पहिली मूठ तुझी. दरसाल तुझी. मी पेरायला विसरणार न्हाई."

काकांनी मूठ उघडली. दारात दाण्यांचा डोंगर झाला! शंभर मुंग्यांनी एकेक दाणा उचलला. सगळ्यांत मोठा कणीनं उचलला.

मुंगी गेली घरात, गोष्ट गेली कानात, चला, भाकरी घ्या पानात!