विहिरीतलं दृश्य

“पण बाबा, पडद्यावरच्या भुताला घाबरायचं तरी कशाला?”

हे विचारणारे हणमंत वस्ताद. तालमीत पोरांना घडवणारा माणूस. दुपारच्या उन्हात मुलीला घेऊन ते टेकडीवरच्या दर्ग्यात आले होते. मुलगी, कस्तुरी, लांब कडुनिंबाखाली बसली होती.

समोर दर्ग्याचे म्हातारे फकीर, मस्तानबाबा, बसले होते.

वस्तादांनी मग सगळं सांगितलं. तालुक्याला भुताचा सिनेमा लागला होता. कस्तुरीनं हट्ट केला म्हणून ते तिला घेऊन गेले. सिनेमात पोरगी घाबरली, रडली. वस्ताद हसले. परतताना एसटीत ओळखीचे लोक भेटले, त्यांनाही त्यांनी ते रंगवून सांगितलं. लोकही हसले. तेव्हापासून कस्तुरी एकटी परसात जात नव्हती. आणि बापाशी बोलत नव्हती.

“एक तावीज द्या. भीती गेली म्हणजे झालं.”

“तू नाही घाबरलास?”

“मी? अर्धं थिएटर किंचाळत होतं, बाबा. मी हसत होतो.”

“मोठ्यानं?”

“मोठ्यानं.”

बाबांनी विचारलं,

“सिनेमातली ती बाई विहिरीत डोकावते. तिला आत काय दिसतं रे?”

वस्तादांनी पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, “तेव्हा मी... खाली वाकलो होतो. चप्पल निसटली होती.”

“मलाही नाही दिसलं,” बाबा म्हणाले. “पुतण्यानं हौसेनं नेलं होतं. मी चादर तोंडावर ओढून घेतली.”

वस्तादांनी दचकून मागं पाहिलं. ओट्यावर कुणी नव्हतं. तरी त्यांनी आवाज खाली आणला. बाबा, हे असं लोकांना सांगू नका, म्हणाले. भुताखेताला भ्यालेली माणसं तुमच्याकडे येतात. तुम्हीच भ्यालात हे कळलं तर कोण येईल?

बाबांनी हात वर करून कस्तुरीला बोलावलं. ती आली, पण बापापासून अंतर ठेवून उभी राहिली.

“पोरी, तो विहिरीचा सिनेमा मीही पाहिला. मला फार भीती वाटली.”

कस्तुरीनं आधी बापाकडे पाहिलं. मग बाबांच्या पांढऱ्या दाढीकडे.

“विहिरीपाशी?”

“छे. त्याच्या आधीच. दार वाजलं ना, तेव्हाच.”

“मलापण दारालाच,” ती म्हणाली. आणि बाबांच्या शेजारी येऊन बसली.

मग ती बोलायला लागली. दारामागची सावली, त्या बाईचे ओले केस, जिन्यावरचा आवाज... सगळं. बाबा मध्येच कानावर हात ठेवत, तेवढं नको सांगू म्हणत. ती हसे आणि तेवढंच पुन्हा सांगे. रात्री मग तुम्ही झोपलात कसे, असं तिनं विचारलं.

“दिवा लावून.”

वस्ताद बघत राहिले. इतक्या दिवसांत पोरगी एवढं बोलली नव्हती.

थोड्या वेळानं बाबांनी तिच्या हातात मूठभर ज्वारी दिली. ती पारव्यांना दाणे टाकायला अंगणात गेली.

“तुमचं वेगळं आहे,” वस्ताद म्हणाले. “मी बाप आहे. बापच घाबरला, तर पोरीनं कुणाकडे बघायचं?”

बाबा पारव्यांकडे पाहत होते.

“सारखं सांगतो तिला. मी आहे ना. मला कशाची भीती वाटत नाही. तर ती भिंतीकडे तोंड करून निजते...”



आखाड्यात कुणाला हार न गेलेला तो माणूस खाली मान घालून बसला. बोटानं फरशीवरची धूळ इकडून तिकडे सारत राहिला. बऱ्याच वेळानं, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला,

“चप्पल पायातच होती, बाबा. मी डोळे मिटून घेतले होते... घरी आल्यावरही कितीतरी वेळ झोप नव्हती.”

बाबांनी अंगणातल्या कस्तुरीवरची नजर वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“हे मला कशाला सांगतोस?”