बुधल्यातली हवा

फार पूर्वी, घाण्याला बैल फिरत होते तेव्हाची ही गोष्ट. मातीच्या एका बुधल्यात हवा एकटीच राहत होती. एके दिवशी धोंडाई तेलिणीने बुधल्याच्या तोंडात नरसाळे बसवले, थेंबही वाया जाऊ नये म्हणून भोवती ओले फडके घट्ट गुंडाळले आणि वरून तेल ओतले.

तेल म्हणाले, "सरकू दे आत. बुधला रिकामाच आहे."

"रिकामा? मग मी कोण?" हवा म्हणाली. "काठोकाठ भरून राहिलेय मी इथे."

"दिसत तर नाहीस कुठे! अंगावर आले तर चिरडली जाशील."

"ये की मग!"

तेलाने सगळा जोर लावला. हवा जराशी दबली, पण तिने जागा सोडली नाही. नरसाळे भरले आणि तेल भुईवर सांडू लागले.

"अगं, मातीत जाईन मी!" तेल कळवळले.

"मग मला आधी वाट दे. धक्के मारून माझं घर मिळायचं नाही."

धोंडाईने कपाळावर हात मारला. "अगं बाई, आत कुणीतरी आहे की!" तिने फडके सोडून नरसाळे बोटभर उचलले. हवा ताठ मानेने बाहेर पडली, आणि ती जेवढी निघाली तेवढेच तेल आत गेले.

तेव्हापासून धोंडाई तेल ओतण्याआधी बुधल्याशी वाकून विचारू लागली, "बाई, जरा बाहेर येतेस का?"