मिचूची चिंधी आणि निळी गाडी

केळीच्या बागेमागे एक शेड.
शेडमध्ये एक जुनी निळी गाडी.
शेडबाहेर एक चिंचेचं झाड.
झाडाच्या बुडाशी एक बीळ.
बिळात कोण?
बिळात मिचू!

मिचू होती चिचुंद्री. एवढीशी! नाक लांब, डोळे बारीक. मिचमिच, मिचमिच. म्हणून तिचं नाव मिचू.

मिचू एकटीच राहायची. तिची आई दूर निघून गेली होती. चिचुंद्र्यांचं असंच असतं. पिल्लू मोठं झालं, की आई आपल्या वाटेने जाते. पण जाताना आई एक चिंधी ठेवून गेली होती. लाल चिंधी. मऊ मऊ चिंधी. तिला आईचा वास यायचा. मिचू रोज चिंधी पांघरायची आणि गुडूप झोपायची.

एकदा काय झालं? चिंधी झाली ओली. मिचूने ती बिळाबाहेर उन्हात वाळत घातली.

तेवढ्यात आवाज आला. घुर्र घुर्र! घुर्र घुर्र!

निळी गाडी सुरू झाली. गाडीत होती कुमुदमावशी. गाडी मावशीचीच. जुनी होती, पण भारी लाडकी. काही बिघडलं, की मावशी स्वतः दुरुस्त करायची. मेकॅनिकला हात लावू द्यायची नाही.

गाडी मागे मागे आली. मावशीने ब्रेक दाबला. फसक्! ब्रेक लागेना. गाडी थांबेना. सरकली, सरकली, आणि चिंचेला टेकली. टक्!

मावशी उतरली. तिने चाकाला दगड लावला. "आता काय करू गं बाई?" असं म्हणाली, आणि घरात गेली. दार लागलं. खट्!

मिचू बिळातून बाहेर आली. चिंधी कुठे? चिंधी चाकाखाली! नुसतं एक टोक बाहेर. मिचूने टोक ओढलं. हंऽऽ! येईना. दातांत धरून ओढलं. हंऽऽ! येईना. मिचू रडायला लागली. चुक् चुक् चुक्.

गाडी म्हणाली, "काय गं मिचू, का रडतेस?"

मिचू म्हणाली,

"माझी चिंधी मिळेना!
गाडीबाई, गाडीबाई, पुढे सर."

गाडी म्हणाली, "मी नाही सरायची! थांबता येत नाही, तर निघू कशी? ब्रेक लागेल, तर मी सरेन."

मिचू निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. गेली चाकाच्या आतल्या बाजूला. तिथे होता ब्रेक. काळाकुट्ट, धुळीने भरलेला. मिचू रडायला लागली. चुक् चुक् चुक्.

ब्रेक म्हणाला, "काय गं मिचू, का रडतेस?"

मिचू म्हणाली,

"गाडी पुढे सरेना,
माझी चिंधी मिळेना!
ब्रेकदादा, ब्रेकदादा, लाग."

ब्रेक म्हणाला, "मी नाही लागायचा! माझ्या तेलाच्या नळीत हवा शिरलीय. मला जोरच येत नाही. हवा जाईल, तर मी लागेन."

मिचू निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. नळीला तिने कान लावला. आत हवा होती. गुडुगुडु करत होती. मिचू रडायला लागली. चुक् चुक् चुक्.

हवा म्हणाली, "काय गं मिचू, का रडतेस?"

मिचू म्हणाली,

"ब्रेक काही लागेना,
गाडी पुढे सरेना,
माझी चिंधी मिळेना!
हवाताई, हवाताई, बाहेर जा."

हवा म्हणाली, "मी नाही जायची! जाऊ कुठून? दार बंद आहे. स्क्रू फिरेल, तर मी जाईन."

मिचू निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. नळीच्या टोकाला होता स्क्रू. इवलासा! मिचूएवढासुद्धा नाही. घट्ट बसला होता. मिचू रडायला लागली. चुक् चुक् चुक्.

स्क्रू म्हणाला, "काय गं मिचू, का रडतेस?"

मिचू म्हणाली,

"हवा बाहेर जाईना,
ब्रेक काही लागेना,
गाडी पुढे सरेना,
माझी चिंधी मिळेना!
स्क्रूभाऊ, स्क्रूभाऊ, फिर."

स्क्रू म्हणाला, "मी नाही फिरायचा! मी काय आपोआप फिरतो? पाना ओढेल, तर मी फिरेन."

मिचू निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. गेली शेडमध्ये. कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. पेटीत खूप पाने होते. मोठे पाने, छोटे पाने. सगळे गप्प. सगळे झोपलेले. एकच छोटा पाना जागा होता. मिचू रडायला लागली. चुक् चुक् चुक्.

पाना म्हणाला, "काय गं मिचू, का रडतेस?"

मिचू म्हणाली,

"स्क्रू काही फिरेना,
हवा बाहेर जाईना,
ब्रेक काही लागेना,
गाडी पुढे सरेना,
माझी चिंधी मिळेना!
पानादादा, पानादादा, ओढ."

पाना म्हणाला, "मी नाही ओढायचा! मला कुठे हात आहेत? मावशी उचलेल, तर मी ओढेन."

मिचू निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. अंगण ओलांडलं. दाराच्या फटीतून आत शिरली.

कुमुदमावशी स्वयंपाकघरात बसली होती. एकटीच. समोर चहा होता. चहा गार झाला होता. घरात आवाज नव्हता. फक्त नळ टपकत होता. टप्. टप्. मिचू रडायला लागली. चुक् चुक् चुक्.

मावशी म्हणाली, "काय गं मिचू, का रडतेस?"

मिचू म्हणाली,

"पाना काही ओढेना,
स्क्रू काही फिरेना,
हवा बाहेर जाईना,
ब्रेक काही लागेना,
गाडी पुढे सरेना,
माझी चिंधी मिळेना!
मावशी, मावशी, पाना उचल."

मावशी म्हणाली, "अगं बाई, चिंधी चाकाखाली गेली? मला दिसलीच नाही गं! पण मी नाही पाना उचलायची. हे काम एकट्याचं नाही. एकाने गाडीत बसून ब्रेक दाबायचा. एकाने खाली झोपून स्क्रू फिरवायचा. मी खाली झोपले, तर ब्रेकपर्यंत माझा पाय पोचेल का?"

"नाही," मिचू म्हणाली.

"मागे एकदा काठी लावून पाहिली मी. काठी सटकली. काठीला काय कान असतात? दाब म्हटलं तर दाबत नाही, सोड म्हटलं तर सोडत नाही."

"मग आधी कोण दाबायचं?" मिचूने विचारलं.

मावशी खिडकीबाहेर पाहायला लागली. केळीच्या बागेपलीकडे एक घर होतं.

"आधी इनासकाका दाबायचे. दर रविवारी यायचे. आम्ही मिळून माझी गाडी दुरुस्त करायचो. मग मिळून त्यांची. आता येत नाहीत. इनासकाका येतील, तर मी पाना उचलेन."

मिचू निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. केळीची बाग केवढी मोठी! पानं सळसळ करत होती. सळ सळ, सळ सळ. ऊन उतरलं होतं. वाटेत कुणीसुद्धा भेटलं नाही. मिचूला भीती वाटली. तरी ती चालतच राहिली. लुटुलुटु, लुटुलुटु.

बागेपलीकडे इनासकाकांचं घर. घराशेजारी त्यांचं गॅरेज. गॅरेजचं दार उघडं होतं. आत गाडी नव्हती. जमिनीवर तेलाचा एक काळा डाग होता. तिथे काकांची पांढरी गाडी उभी असायची. ती पार म्हातारी झाली. तिचे भाग कुठेच मिळेनात. शेवटी ती गेली.

काका डागाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. हातात फडकं होतं. पुसायला मात्र काही नव्हतं. मिचू रडायला लागली. चुक् चुक् चुक्.

काका म्हणाले, "काय गं मिचू, का रडतेस?"

मिचू म्हणाली,

"मावशी पाना उचलेना,
पाना काही ओढेना,
स्क्रू काही फिरेना,
हवा बाहेर जाईना,
ब्रेक काही लागेना,
गाडी पुढे सरेना,
माझी चिंधी मिळेना!
इनासकाका, इनासकाका, या."

काकांनी मान हलवली. "मी नाही यायचा! गाडी होती, तेव्हा मी रोज कुणाला तरी हवा असायचो. गाडी गेली. आता मी काय म्हणून जाऊ? कुणी बोलावेल, तर मी येईन."

मिचू निघाली...

पण कुठे निघाली? कुठे जाणार? तिने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिने तिकडे पाहिलं. कुणी नाही. विचारायला कुणी उरलंच नव्हतं. रिकामं गॅरेज, खुर्चीत काका, आणि एवढीशी मिचू.

मिचू परत फिरली. काकांच्या पायाशी आली. वर बघून म्हणाली, "काका, या ना."

काका म्हणाले, "कोण बोलावतंय?"

"मी."

"तू?"

"हो. मी बोलावतेय. या ना काका."

 काकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"बरं," ते म्हणाले. "चल."

पुढे मिचू, मागे काका. लुटुलुटु, लुटुलुटु. खडाप खडाप, खडाप खडाप. बाग ओलांडली. अंगणात आले.

मावशी दारात उभी होती. "इनासभाऊ! तुम्ही?"

"ब्रेक लागत नाही म्हणे? पेडल खाली जातंय?" काका म्हणाले.

"जातंय ना. फसक् करून जातंय."

"मग मला हाक का नाही मारली, कुमुद?"

मावशी पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमची गाडी गेली. माझी बघून तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटलं."

"वाटतं वाईट," काका म्हणाले. "घरी बसून जास्त वाटतं."



मिचू म्हणाली, "माझी चिंधी!"

"अगं हो, हो!" मावशीने पदर खोचला. "बसा हो इनासभाऊ आत!"

काका आले,
तशी मावशीने पाना उचलला.
पान्याने स्क्रू ओढला. कर्र कर्र!

काका गाडीत. मावशी गाडीखाली.

"दाबा!" मावशी ओरडली.
"दाबला!" काका ओरडले.

स्क्रू फिरला. गर्रकन!
हवा बाहेर आली. फुस्स! बुड् बुड् बुड्!

मावशीने स्क्रू आवळला. "सोडा!"
"सोडला!"

"दाबा!"
"दाबला!"
फुस्स! बुड् बुड् बुड्!
"सोडा!"
"सोडला!"

दाबा, दाबला. सोडा, सोडला. एका चाकाचं झालं. दुसऱ्याचं झालं. तिसऱ्याचं झालं. चौथ्याचंही झालं. बुडबुडे संपले. मावशीच्या गालाला काळं लागलं. काकांच्या सदऱ्याला काळं लागलं. कुणीच पुसलं नाही.

काकांनी पेडल दाबलं. टच्च! जागेवर थांबलं.

"लागला!" काका म्हणाले.

ब्रेक लागला,
तशी गाडी म्हणाली, "आता मी सरते!"

काका उतरले. मावशी गाडीत बसली. काकांनी चाकाचा दगड काढला. घुर्र घुर्र! घुर्र घुर्र! गाडी पुढे सरली. मावशीने ब्रेक दाबला. गाडी थांबली. शहाण्यासारखी!

आणि चिंधी?

चिंधी मोकळी झाली! चपटी झाली होती. वर टायरचे पट्टे उमटले होते. मिचूने ती दातांत धरली. जोर लावावाच लागला नाही. तिने चिंधी झटकली, नाक आत खुपसलं आणि हुंगत राहिली. लांबून काका म्हणाले, "मिळाली का गं?" मिचूच्या तोंडात चिंधी होती. तिने नुसती शेपटी हलवली.

मिचू बिळात गेली. चिंधी पांघरली. बाहेरचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"इनासभाऊ, ब्रेक नीट बघायला हवा. फाट्यापर्यंत जाऊन येऊ?"

"जाऊ की."

"चालवा तुम्ही."

"मी?"

"हो. किती दिवसांत तुम्ही गाडी चालवली नाही."

 मग दार उघडलं. दार लागलं. दुसरं दार उघडलं. तेही लागलं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. आवाज लांब गेला. अजून लांब गेला. मिचूचे डोळे मिटले. मिचमिच... मिच...

गाडी निघाली भरभर,
गोष्ट पोचली घरोघर!