वेशीवरची कोळीण

त्या मुलखाच्या मधोमध दरी होती आणि नाती दोन्ही काठांवर विखुरलेली होती. पूर्वी दरीवर एक झाड आडवं पडलेलं होतं. तरणी मंडळी चाऱ्यापाण्याच्या मागे त्याच्यावरून पूर्वेला गेली, म्हातारी पश्चिमेलाच राहिली, आणि मग झाड कुजून खाली गेलं. तेव्हापासून या काठाची त्या काठाशी भेट अशी उरली नव्हती. उरलं होतं ते बोलणं, आणि तेवढं सगुणाक्काच्या तारेवरून होत असे.

सगुणाक्का ही आठ पायांची कोळीण. तिने दरीवर एक तार ओढली होती आणि पश्चिमेला तिचे फाटे फोडून प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एकेक टोक बांधून दिलं होतं. पूर्वेच्या काठावर येऊन तारेला तोंड लावून बोललं की थरथर पलीकडे जाई. पलीकडचं टोक ज्याने छातीशी धरलं असेल त्याला ती ऐकू येई. एका वेळी एकाच जोडीचं बोलणं चाले. तेवढा वेळ अख्खी तार त्या दोघांची. बाकीचे काठावर रांग लावून बसत आणि सगुणाक्काला खूश ठेवत. कोणी चिलटं आणी, कोणी नुसतं गोड बोले. ती तारेवर एक पाय ठेवून बसलेली असे. तार नीट आहे ना ते बघते, असं ती सांगायची. ती सगळ्यांचं बोलणं ऐकायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, तिथे कोळिणीचा एक पाय कोण बाजूला करणार?

तिला स्वतःला पोरं उदंड झाली होती. पण कोळ्यांच्या पोरांची रीतच अशी, की अंगात जोर आला की एक धागा वाऱ्यावर सोडायचा आणि त्याच्यासोबत निघून जायचं. गेली ती गेली. त्यांतलं एकही कधी काही बोललं नव्हतं, तिला हाक मारण्याइतकी ती तिच्यापाशी थांबलीच नव्हती. म्हणूनच की काय, हौसा साळिंदरीण काठावर आली की सगुणाक्का इतरांना मागे सारून तिला तार देई. हौसा पलीकडच्या तिच्या म्हाताऱ्या आईशी, म्हाळसाशी, बोलत बसे. कंद कुठे मिळाले, काटा कसा मोडला, जावयाची खोड जाते की नाही. असलंच काहीतरी. निघताना हौसा न चुकता विचारी, "आक्का, बरी आहेस ना?" त्या एका प्रश्नावर सगुणाक्काचे पुढचे कित्येक दिवस निघत.

मग मुंग्या आल्या.

तरणी मंडळी आता इतकी लांब गेली होती की काठापर्यंत पायपीट करणं त्यांना झेपेना. मुंग्यांची मुकादम होती राई. तिने युक्ती काढली. बोलणाऱ्याच्या बिळातच त्याचं बोलणं वाळवायचं, त्याचे कण करायचे, प्रत्येक कणावर त्याच्या क्रमाची खूण करायची आणि एकेका मुंगीने एकेक कण उचलून जी वाट मोकळी असेल तिने सुटायचं. दहा जणांचं बोलणं एकाच वेळी वाटेवर असलं तरी कोणाला रांग लावावी लागणार नव्हती. अडचण एकच होती. दरी ओलांडणं मुंग्यांच्या हातचं नव्हतं आणि म्हाताऱ्यांना तारेखेरीज दुसरं काही कळत नव्हतं. म्हणून काठावर एक वेस उभारायचं ठरलं. पोकळ खोडाची, दोन तोंडांची. एका तोंडाशी मुंग्या कण ठेवतील, दुसऱ्या तोंडाशी कोणीतरी ते ओले करून तारेवर चढवील, आणि पलीकडून आलेली थरथर वाळवून मुंग्यांच्या हवाली करील. हे कोणीतरी म्हणजे सगुणाक्काच. त्या तारेला दुसऱ्या कोणाचा पायच लागत नसे.

कासवपंच स्वतः तिला सांगायला आले. ती लगेच हो म्हणाली, आणि तिच्या मोठेपणाची चर्चा सगळ्या काठावर झाली. पोटात काय चाललं होतं ते कोणाला दिसलं नाही. या एवढ्याशा काळ्या ठिपक्यांनी तिची हौसा तिच्यापासून तोडली होती. आता ती कशाला काठावर येईल? मुंग्यांना ती घरात बसून हाक मारील, मुंग्यांना पाणी देईल, आणि बरी आहेस ना हेही मुंग्यांनाच विचारील. या विचाराने सगुणाक्काचे आठही पाय जळत होते.

राईने तिला काम समजावून सांगितलं. वेशीत ठेवलेल्या सुपात थोडे कण साठू द्यायचे, म्हणजे मागेपुढे आलेले क्रमाने लावता येतात. एखादा आलाच नाही तर त्याची वाट बघायची नाही. वाऱ्याने उडतो, वाटेत चिरडतो, तेवढं चालायचंच. त्याची जागा सोडायची आणि पुढचा चढवायचा. ऐकणारा आपल्या मनाने सांधून घेतो.

सगुणाक्काने मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी स्वतःचा नियम लावला. एक कण जरी आला नसेल, तरी त्याच्या पुढचा एकही तारेवर चढणार नाही. हरवलेल्या कणासाठी मुंगीने परत जायचं, पुन्हा वाळवून घ्यायचा, पुन्हा आणायचा. तोवर बाकीचं बोलणं सुपात पडून राहील.

ऐकायला हे फार चांगलं वाटत होतं. व्हायचं ते मात्र भलतंच झालं. हौसा विचारायची, जेवलीस का. ते पलीकडे पोचेपर्यंत म्हाळसाने कंटाळून पायाचं दुखणं सांगायला घेतलेलं असे. दुखण्याचा सुस्कारा हौसाच्या बिळात पोचे तेव्हा ती नवऱ्याची नक्कल करून हसत असे. आई रडतेय आणि लेक हसतेय असं दोघींच्याही कानी पडे. मग दोघी एकदम बोलत, दोघी एकदम गप्प होत, आणि कोणी कोणासाठी थांबायचं हेच कळेना. घरोघरी हेच. भावाभावांत रुसवे झाले, ठरत आलेलं एक लग्न मोडलं. सगळे म्हणाले, मुंग्यांचं कामच आळशी.

सगुणाक्का हे ऐके आणि तिच्या पोटात थंडावा पडे. हौसाचं मन मुंग्यांवरून उडतंय हे तिला दोन्हीकडच्या बोलण्यावरून कळत होतं. वैतागून एक दिवस ती पुन्हा काठावर येईल, तारेला तोंड लावील, आणि जाताना विचारील. एवढंच तर तिला हवं होतं. त्यासाठी म्हाळसाला चार दिवस गैरसमजात काढावे लागले तर लागोत.

राई वेशीत आली. सुपात कणांचा ढीग बघितला आणि तिला सगळं कळलं.

"आक्का, हे बोलणं आहे," ती म्हणाली. "धान्य नव्हे. धान्य पावसाळ्यापर्यंत ठेवलं तरी धान्यच राहतं."

"माझ्या तारेवर आजवर एक अक्षर सांडलेलं नाही," सगुणाक्का म्हणाली. "सांडायची सवय तुमची. ती माझ्या वेशीत चालायची नाही."

वाद कासवपंचांपुढे गेला. पंचांनी दोघींचं ऐकून घेतलं. एक जण म्हणतेय काही सांडलं तरी चालेल, दुसरी म्हणतेय काही सांडू देणार नाही. न्याय करायला कासवाचं डोकंसुद्धा पुरेसं होतं. त्यांनी सगुणाक्काची पाठ थोपटली आणि हरवलेला प्रत्येक कण मुंग्यांनी परत जाऊन आणावा असा हुकूम दिला. त्या दिवसापासून निम्म्या मुंग्या पुढे आणि निम्म्या मागे चालू लागल्या. वाटा तुंबल्या, आणि तुंबल्यामुळे आणखी कण चिरडू लागले. राई पुन्हा वेशीत आली नाही. सगुणाक्काला जिंकल्याचा आनंद झाला, पण तो तिच्याजवळ बसून वाटून घेणारं कोणी नव्हतं.

हौसा काठावर आलीच नाही. तिचे दिवस भरत आले होते. एवढं चालणं तिला शक्य नव्हतं.

पलीकडे म्हाळसाने अंथरूण धरलं. शेजारच्या सशाने तारेवरून कळवलं, की म्हातारी आता काही खात नाही, तारेचं टोक तेवढं छातीशी धरून पडली आहे. त्यानंतर दिवस कलता कलता म्हाळसाचीच थरथर आली.

"हौसे, झालं का गं तुझं?"

सगुणाक्काने ती वाळवून पाठवली. उत्तराची वाट बघताना तिचाही जीव वर-खाली होत होता. हे खोटं नव्हे. उत्तर आलं. मुंग्या धापा टाकत आल्या, कण सुपात पडले, सगुणाक्काने ते क्रमाने लावले. आई. मुलगी झाली. तुझंच. मग एक जागा रिकामी. मग, ठेवलंय.

मधला कण नव्हता.

त्या जागी काय असेल हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सगुणाक्काने तर या मायलेकींचा शब्द न् शब्द वर्षानुवर्षं पायाने टिपला होता. तिने पहिला कण ओला केला आणि पाय तारेकडे नेला. तेवढ्यात तिच्या मनात आलं, की हे असंच चढवलं आणि म्हातारीला कळलं, तर राई म्हणत होती ते खरं ठरेल. एक कण सांडला तरी बोलणं पोचतं हे एकदा सिद्ध झालं, की मग वेस मुंग्यांची, वाटा मुंग्यांच्या, हौसाही मुंग्यांची.

"हौसे, ऐकतेस ना?" तार हलली. आता थरथर फार बारीक होती.

"परत जा," सगुणाक्का मुंगीला म्हणाली. "पूर्ण घेऊन ये."

मुंगी गेली. वाटा तुंबलेल्या होत्या. सगुणाक्का ओला कण पायात धरून बसून राहिली. तो वाळला की पुन्हा ओला करी. तारेकडे बघायचं तिने टाळलं. एकदा तिला वाटलं, की जाऊ दे, चढवून टाकावं. पण तोवर इतका वेळ गेला होता, की आता अर्धवट चढवलं तर मग आधीच का नाही चढवलं, असं कोणीही विचारलं असतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणाऱ्याला नाक अर्ध्यात सोडून चालत नाही.

कण आला. तिने तो जागेवर बसवला आणि अख्खं वाक्य तारेवर चढवलं. इतकं स्वच्छ, इतकं सलग बोलणं त्या तारेवरून कधीही गेलं नव्हतं. थरथर दरीवरून पलीकडे गेली, फाट्यावर वळली, म्हाळसाच्या बिळाच्या तोंडाशी पोचली.

तार छातीशी धरलेली असली की बोलणं तिथेच मुरतं. टोक कोणी धरलेलंच नसलं तर मुरायला जागा नसते, आणि ते तिथे आपटून आल्या वाटेने मागे फिरतं. फाट्यावरून, दरीवरून थरथर परत आली आणि वेशीत बसलेल्या सगुणाक्काच्या पायात उतरली, एकही अक्षर न सांडता.

"आई, मुलगी झाली. तुझंच नाव ठेवलंय."