काबरीचं करडू

शेळ्या आणि माणसं एकमेकांशी बोलायची, त्या काळी डोंगराखालच्या एका कळपात काबरी शेळीला करडू झालं. त्याला उभंच राहता येईना. मान सारखी थरथरायची, आचळ तोंडात धरता यायचं नाही.

कळपाचा बोकड भुऱ्या म्हणाला, "गाभण असताना हिनं भलतासलता पाला खाल्ला. दोष आईचाच. माझी बाकीची करडं बघा, कशी उड्या मारतात!" शेळ्यांनी माना डोलावल्या आणि काबरीला चाऱ्यापासून हुसकावलं.

काबरीनं गुरांच्या वैद्याला बोलावून आणलं. करडाला तपासून तो म्हणाला, "अंगातल्या पेशीपेशीत कचरा विरघळवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. याच्या पिशव्यांत कचरा विरघळवणारा रसच तयार होत नाही. कचरा साचून मेंदूच्या पेशी गुदमरतात. हा दोष अर्धा आईकडून आला, अर्धा बापाकडून. नुसत्या अर्ध्यानं काही होत नाही, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट आहात. असा अर्धा दोष कळपात आणखी कुणातही लपलेला असू शकतो. यावर माझ्याकडे औषध नाही."

वैद्य गेला आणि काबरी भडकली. "ऐकलंस, भुऱ्या? उड्या मारणारी तेवढी तुझी, आणि हे थरथरणारं माझ्या एकटीचं? आणि तुम्ही गं! उद्या तुमच्याही पोटी असं करडू येऊ शकतं, आणि तुम्ही मला उपाशी ठेवलंत!"

भुऱ्या खाली बघत पुटपुटला, "आता मी काय करू?"

"इकडे ये आणि त्याच्या मानेला टेका दे," काबरी म्हणाली. "सकाळपासून भुकेलं आहे ते."