चुन्याच्या रेघेलगत

“मास्तर, मला या कडेवरून मधे कधी घेणार?”

विक्रांत डफळेने बुटाचे बंदही न सोडता विचारलं. दुसऱ्या दिवशी रग्बीचा अंतिम सामना, आणि फळ्यावर त्याचं नाव पुन्हा डाव्या कडेलाच होतं.

मुधाळे मास्तर मैदानाच्या हद्दीवर चुना ओढत होते. बारा वर्षं ते याच कडेने चेंडू घेऊन पळाले. गुडघा गेला तेव्हा शिट्टी गळ्यात घातली आणि पुढची तीस वर्षं पोरं घडवली. असा माणूस आमच्या गावाला पुन्हा मिळायचा नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

“कडेला काय वाईट आहे?”

“जागाच नाही, मास्तर. एक पाऊल चुकलं की रेघेबाहेर, आणि चेंडू त्यांच्या हातात. मधे कसं, मोकळं रान! साताऱ्याचा संघ मला मधे खेळवायला तयार आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर उद्याचा सामना शेवटचा.”



विक्रांत वाऱ्यासारखा पळायचा. ते त्याला ठाऊक होतं, हीच पंचाईत. पण मास्तरांचा त्याच्यावर जीव होता. तो गेला असता, तर त्यांना घास गोड लागला नसता.

त्यांनी चुन्याची पाटी खाली ठेवली. चेंडू काखेत धरून ते रेघेपासून वीतभर अंतरावर उभे राहिले.

“पाड मला.”

“मास्तर, तुमचा गुडघा...”

“पाड म्हणतो ना!”

विक्रांत झेपावला. मास्तर अर्धं पाऊल आत सरकले, तो तिकडे झुकला, आणि मास्तर रेघेच्या कडेकडेने लंगडत निघून गेले. विक्रांत चुन्यात तोंडावर आपटला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मास्तरांनी नुसता तळवा त्याच्या खांद्यावर टेकवला, आणि तो पुन्हा आडवा.

बासष्ट वर्षांचा माणूस! बघत उभी असलेली आम्ही संघातली पोरं शिट्ट्या मारायच्या विसरलो.

विक्रांत उठला. शर्ट पांढराफटक झाला होता. मास्तरांच्या बुटांना चुन्याचा कणही नव्हता. तो बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिला.

मग हळूच म्हणाला, “मास्तर... ही रेघ आडवी आली नसती, तर तुम्ही आणखी किती पळाला असता?”

मास्तरांनी चेंडू त्याच्या हातात दिला.

“त्या बाजूनं मला कधी कुणी पाडलं नाही, बाळा.”