सोपानची आढी

एका गावात एक भोळा गडी होता, नाव सोपान. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून या गोष्टीवरून रुसतात, आणि मला तिकडून येणं-जाणं आहे. तापीकाठचं गाव होतं, एवढं पुरे.

सोपान अंगानं पैलवान. धान्याचं पोतं काखोटीला मारून पळायचा. मनानं मात्र दुधासारखा. सांगाल तेवढं करायचा, तितकंच करायचा आणि अगदी तसंच करायचा. त्याची बायको सगुणा हुशार होती. एवढ्या हुशार पोरीनं याच्याशी लग्न का केलं, असं लोक विचारत. ती म्हणे, "मी सांगितलेलं ऐकणारा नवरा दुसरीकडं दाखवा, मग बोलू."

सगुणाच्या वडलांना, अप्पांना, हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. त्या वर्षी त्यांनी निरोप धाडला, "आखाजीला जेवायला येतो. घर बघतो, जावई बघतो. नीट दिसलं तर दिसलं. नाही तर लेक परत घेऊन येतो."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिचा थाट दिवाळीहून मोठा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात.

निरोप ऐकून सोपान सगुणाकडं धावला. सगुणा गेली तर आपलं कसं व्हायचं? त्यानं तिचा पदर धरला. "तू सांग, मी करतो. एक अक्षर खाली पडू देणार नाही."

आता इथंच सगळा घोटाळा झाला.

सगुणानं कुरडयांचा घाट घातला. गहू भिजवून, वाटून चीक काढला. धाब्याच्या सपाट छपरावर धोतर अंथरून पहिल्या कुरडया घातल्या आणि नवऱ्याच्या हातात काठी दिली. "इथं बसा. कावळे फार माजलेत. कोणी जवळ आलं की हाकला."

"कोणी पण?"

"कोणी पण."

ती खाली गेली. दुसरा चीक शिजवला आणि वाफाळतं पातेलं घेऊन शिडी चढू लागली. चीक गरम असेतोच सोऱ्यात भरावा लागतो, हे तुम्हाला घरी कोणीही सांगेल. तिचं डोकं वर दिसलं, तशी सोपाननं काठी उगारली.

"हाड."

"अहो, मी आहे."

"कोणी पण म्हणालीस."

ती समजावत राहिली, तो काठी आपटत राहिला. शिडीवरच चीक गार झाला आणि त्याचा असा गोळा झाला की सोऱ्यातून सोडाच, पातेल्यातूनही निघेना.

सगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, आलेल्याला असं हाकलतात का? या, बसा म्हणावं. पुढ्यात ताटली ठेवावी."

"बरं. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी उडदाचे पापड वाळत घातले. सगुणा पाण्याला गेली. शेजारची शेळी मागच्या पायरीनं धाब्यावर आली. सोपान उठून उभा राहिला.

"या, बसा."

शेळी बसली नाही. सोपाननं ताटली आणली, तीत पापड रचले, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. शेळीनं ताटली साफ केली. सोपाननं आग्रह करून पुन्हा वाढलं. सगुणा आली तेव्हा शेळी ढेकर द्यायच्या बेतात होती आणि सोपान तिला पदरानं, म्हणजे उपरण्यानं, वारा घालत होता.

"अहो, हिला कशाला वाढलंत?"

"आलेल्याला वाढायचं, तूच म्हणालीस."

सगुणा खाली बसली. रागवावं तर त्याचं तोंड असं की राग येईना. "ऐका. वाळवणात तोंड घालणाऱ्याला दाव्यानं धाब्यावरच्या खांबाला बांधायचं. मी येईपर्यंत सोडायचं नाही."

"बरं. आता तसंच करीन."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पण ऐका, कारण तुम्ही ओळखलंत त्याहून वाईट झालं.

शेजारी ठकूमावशी राहायची. खापरावरची पुरणपोळी त्या गावात एकट्या ठकूमावशीला जमायची. हातावरच झुलवत झुलवत पोळी सुपाएवढी करायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. आखाजीच्या पोळ्या करायचं तिनं सगुणाला कबूल केलं होतं. अप्पांना त्या पोळीचं भारी वेड. सगुणाची सारी भिस्त मावशीवर.

तिसऱ्या दिवशी ठकूमावशी बिब्बड्या बघायला धाब्यावर आली. बिब्बड्या म्हणजे ज्वारीच्या कण्यांचे पापड. अर्धे वाळलेले खायला फार गोड लागतात, म्हणून जाता येता सगळ्याच बाया एखादी तोंडात टाकतात. मावशीनंही टाकली.

सोपाननं दावं घेतलं.

"अरे सोपाना, काय करतोस?"

"तुम्हाला बांधतो, मावशी. जरा हात वर करा. काचत नाही ना?"

भर उन्हात ठकूमावशी खांबाला बांधलेली. सोपाननं तिच्यापुढं पाला पण टाकला होता, उपाशी राहू नये म्हणून. सगुणानं येऊन सोडवलं तेव्हा मावशी सोपानला एवढंच म्हणाली, "तुझ्या आखाजीला आता तुझा तूच पोळ्या कर, बाबा." आणि गेली.

सगुणा त्या दिवशी रडली. तिला रडताना पाहून सोपानही रडला. कशासाठी ते त्याला नीट कळलं नव्हतं, पण तिला एकटीला कसं रडू द्यायचं.

डोळे पुसून ती म्हणाली, "आता स्वतःचं डोकं चालवू नका. बांधावरच्या आंब्याचे आंबे उतरवून आणलेत. आढी घालायची. नीट ऐका. आखाजीसाठी जे जे येईल ते आतल्या खोलीत पेंढ्यात घालायचं, वरून गोणपाट टाकायचं. मधून मधून हलक्या हातानं पालटायचं. अंगठ्यानं दाबून बघायचं. आखाजीच्या सकाळपर्यंत बाहेर काढायचं नाही. आणि अप्पा आले की ते म्हणतील ते करा, उलट बोलू नका."

आणि काय सांगू, आढी त्यानं अशी सुरेख घातली की बघत राहावं. एकही आंबा डागाळला नाही. घरभर वास सुटला. सगुणा म्हणाली, "वा. हे मात्र झकास जमलं हं." सोपानला आभाळ ठेंगणं झालं. जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी झकास म्हटलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सगुणा ठकूमावशीची मनधरणी करायला गेली. तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. अप्पा एक दिवस आधीच आले होते. घराला तयारीला वेळ मिळाला की खरं दिसत नाही, असा त्यांचा हिशेब.

सोपान पाया पडला. "मामा, आज कसे?"

"आखाजीसाठी आलोय."

"आखाजीसाठी?"

"मग काय होळीसाठी?"

सोपाननं बोटं मोजली. आखाजी उद्या. मामा आजच आले. त्यानं अप्पांना अलगद उचललं. अप्पा काडीसारखे बारीक. आतल्या खोलीत नेऊन पेंढ्यात घातलं, वरून गोणपाट टाकलं आणि दार ओढून घेतलं. आतून आरडाओरडा झाला. आंबे कधी ओरडले नव्हते, पण सोपान म्हणाला, एकेका झाडाचा गुण असतो.

सगुणा परतली. मावशीनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. दारात माहेरची गाडी बघून ती धावतच आली.

"अप्पा आले?"

"आले की."

"कुठं आहेत?"

"आढीत."

सगुणा आतल्या खोलीकडं धावली.

"दोनदा पालटले," सोपान म्हणाला. "अंगठ्यानं दाबूनही पाहिलं. अजून कडकच आहेत."

सगुणानं गोणपाट ओढलं. अप्पा उठून बसले. मिशीत पेंढा, कानात पेंढा, पागोटं कुठल्या कुठं. ते लेकीकडं डोळे वटारून बघत होते. सगुणानं ओळखलं की आता आपलं काही चालत नाही. मोठं माणूस मध्ये पडलं तरच निभाव. ती तशीच अनवाणी ठकूमावशीकडं पळाली.

अप्पा पागोटं शोधून अंगणात आले. लेक घरातच आहे असं समजून ते बैल जुंपता जुंपता ओरडले, "तुझं म्हणून या घरात जे काही असेल ते सगळं गाडीत घाल आणि मागं बस. वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही."

घरात होता एकटा सोपान. सगुणाचं सामान उचलायला त्याचं मन होईना. पण मामा म्हणतील ते करायचं होतं. त्यानं सगुणाची लुगडी गाडीत घातली. पाटा-वरवंटा घातला, सोऱ्या घातला, उरलेल्या कुरडया घातल्या. तिच्यासाठी निगुतीनं पिकवलेले आंबे पेंढ्यासकट घातले. मग अंगणात उभा राहून विचार केला. तिचं आणखी काय राहिलं? चूल उचलत नाही. ठकूमावशी साऱ्या गावाची. मग राहिलं कोण?

तो गाडीत चढला, आंब्यांच्या शेजारी पेंढ्यात आडवा झाला आणि अंगावर गोणपाट ओढून घेतलं.

गाडी हलल्याचं अप्पांना कळलं. लेक बसली, असं समजून मागं न बघता त्यांनी बैल हाकले.

वाटभर अप्पा बोलत होते. "एवढी शहाणी तू, आणि हा असला नवरा. काय आहे त्याच्यात?" मागून उत्तर नाही. कसं असणार? शब्द काढायचा नव्हता. "आता माहेरीच राहा. त्याचं तोंडही बघू नको." यावर मागून हुंदका आला. मग दुसरा आला. नदी ओलांडेपर्यंत हुंदके थांबेनात. अप्पांचं मन पाघळलं. शेवटी बाप तो.

"इतका जीव लागलाय का गं?"

"हूं," गोणपाटाखालून आलं. हूं हा काही शब्द नव्हे.

"त्याच्याशिवाय राहवणार नाही तुला?" अप्पा म्हणाले. त्यांना तो हुंकार जरा जाड वाटला, पण रडून घसा बसला असेल. "बरं, रडू नको. आखाजी झाली की मीच पोचवतो परत. शब्द देतो. जीव लावणारं माणूस आहे ना, मग झालं."

दिवेलागणीला गाडी दारात उभी राहिली. आखाजीला लेक माहेरी आली म्हणून सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आल्या. आळीतल्या पोरी गोळा झाल्या. चिंचेला झोका बांधून तयार होता. सासूबाईंनी तुकडा ओवाळला, डोळ्यांना पाणी लावलं आणि मायेनं गोणपाट बाजूला केलं.

"मामी, पाया पडतो," सोपान म्हणाला.

अप्पा गाडीवरून उतरत होते ते परत बसले.

"आमची सगुणा कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"घरी."

"मग तू कसा आलास?"

"मामा म्हणाले, तिचं म्हणून जे असेल ते सगळं गाडीत घाल." सोपाननं अंगावरचा पेंढा झटकला. "मी पण तिचाच आहे ना."

अप्पांनी त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं. नदीपर्यंत कोण रडत होतं ते त्यांना आत्ता कळलं. मग त्यांच्या मिशीतला पेंढा हलायला लागला. अप्पांना हसताना त्या आळीनं पहिल्यांदा पाहिलं.

रिकामं घर बघून सगुणानं काय ते ओळखलं आणि सकाळी दुसऱ्या एका गाडीतून ती आली. सोबत ठकूमावशी होती, डोक्यावर खापर घेऊन. गोणपाटाखाली आडवा होऊन आलेल्या सोपानची हकीकत ऐकली आणि मावशीचाही उरलासुरला राग गेला. आमरस झाला, पोळ्या झाल्या. सोपानला पोरींनी झोक्यावर बसवलं आणि कोणी उतर म्हणेना, म्हणून तो दुपारपर्यंत झोके घेत होता.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी नारळ, खण, तांदूळ, सांजोऱ्या असं सगळं ताटात काढलं आणि अप्पांकडं बघितलं. "आता ओटी कोणाची भरू?"

"गाडी घेऊन माहेरपणाला आणलं कोणाला?" अप्पा म्हणाले. "त्याची भर."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सोपान पाटावर बसला आणि त्यानं धोतराचा सोगा पुढं केला.